तिथं कुणी नांदतं का?

माझे आतेभाऊ सैन्यात डिझेल मेकॅनिक होते. भारताच्या अंटार्क्टिक मोहिमेसाठी निवड होऊन ते ‘मैत्री’ या तळावर एक अख्खा हिवाळा काढून परतले, तेव्हा साताऱ्याच्या घरी त्यांना भेटायला आलेल्या प्रत्येकाने आधी थंडीचीच चौकशी केली. पारा किती खाली जातो, आंघोळीचे काय करता, कपातला चहा गोठतो का, असे प्रश्न सुरू होते. आत्या मात्र स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, ‘‘ते सगळं राहू दे. तिथं कुणी नांदतं का रे?’’

‘‘नाही गं आई, तिथं ड्यूटी असते,’’ असे म्हणून दादांनी विषय संपवला. पण आत्याचा तो शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही. आपल्या भाषेत राहणे, तगणे आणि नांदणे ही तीन वेगळी क्रियापदे आहेत. माणूस लॉजवर राहतो, दुष्काळात तगतो आणि घरात नांदतो. नांदण्यात चूल आली, लेकरे आली, खाटेवरची म्हातारी माणसे आली, आणि आपल्यामागेही हे सगळे असेच चालू राहील हे न बोलता धरलेले गृहीतही आले. ध्रुवीय प्रदेशात माणूस बाराही महिने राहू शकतो का, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. त्यातले ‘राहणे’ म्हणजे नेमके काय ते आधी ठरवल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही, असे माझे मत त्या दिवसापासून झाले आहे.

नुसते राहण्याचे उत्तर तर केव्हाच मिळाले आहे. दक्षिण ध्रुवाच्या नेमक्या बिंदूवर अमेरिकेने १९५६-५७ मध्ये तळ उभारला आणि १९५७ चा हिवाळा तिथे १८ जणांनी काढला. तेव्हापासून तो तळ एकही हिवाळा रिकामा राहिलेला नाही. समुद्रसपाटीपासून २,८३५ मीटर उंची, वर्षाचे सरासरी तापमान उणे ४९ अंशांच्या आसपास, मार्चमध्ये मावळलेला सूर्य सप्टेंबरमध्ये उगवणार, आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून साधारण ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत नियमित विमान नाही. इतके असूनही तिथे सतत माणसे आहेत. अर्थात धर्मशाळा बाराही महिने भरलेली असते म्हणून तिला कोणी गाव म्हणत नाही.

मैत्रीवर हिवाळ्यात पारा उणे तीसच्या आसपास उतरतो आणि मेच्या अखेरीपासून जवळजवळ दोन महिने सूर्य क्षितिजावर येत नाही. हे ऐकायला भयंकर वाटते. पण दादांचे म्हणणे असे की आत, तळाच्या भिंतींमध्ये, माणूस साध्या स्वेटरवर वावरत असतो. थंडी ही अडचण इंजिनाने सोडवलेली आहे. मग खरी अडचण उरते ती इंजिनाची. झोपेतसुद्धा त्यांचे कान जनरेटरकडे असत. आवाजाने जाग यायची नाही; आवाज बदलला की यायची. डिझेल संपले किंवा जनरेटर एकदम बंद पडले, तर बाहेरची थंडी आत यायला किती तास लागतील याचा हिशेब तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असतो आणि जेवणाच्या टेबलावर त्याबद्दल कोणी बोलत नाही.

ही धास्ती उगाच नाही. व्होस्तोक हा तेव्हाचा सोव्हिएत, आता रशियन तळ बर्फाच्या पठारावर ३,४८८ मीटर उंचीवर आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागावर हवामान केंद्रात मोजलेले सर्वांत कमी तापमान, उणे ८९.२ अंश, २१ जुलै १९८३ रोजी तिथलेच. त्याच्या आदल्या वर्षी, १२ एप्रिल १९८२ रोजी, हिवाळा तोंडावर आलेला असताना तळाचे वीजघर जळाले. आगीत एक मेकॅनिक दगावला, आणि उरलेली २० माणसे जगातल्या सर्वांत थंड जागी मुख्य वीजपुरवठ्याविना अडकली. त्या उंचीवर, त्या तापमानात विमान उतरवणे शक्य नव्हते, म्हणून मदत येणार ती हिवाळा सरल्यावरच. त्यांनी टाकून दिलेले एक जुने डिझेल इंजिन खटपट करून चालू केले, हाताशी होते त्या सामानातून शेगड्या बनवल्या आणि पॅराफिन ओतून त्यात ॲस्बेस्टॉसच्या दोरीची वात घालून मेणबत्त्या केल्या. काजळीने काळ्या झालेल्या एका खोलीत दाटीवाटीने झोपून ते वसंत येईपर्यंत तगले, आणि हवामानाच्या नोंदीही घेत राहिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले हे वैज्ञानिक आणि तंत्रज्ञ शेवटी वातीवर आले होते. या वातीकडे मला पुन्हा यायचे आहे.

जेवणाचे काय? मैत्रीवर पिण्याचे पाणी शेजारच्या गोड्या पाण्याच्या तलावातून घेतात. त्याला नाव दिले आहे प्रियदर्शिनी. बाकी सगळे, म्हणजे तांदळाच्या दाण्यापासून बोल्टच्या वायसरपर्यंत, बाहेरून येते, आणि जड सामानाचे जहाज वर्षातून एकदाच. ते जहाज किनाऱ्याच्या बर्फापाशी थांबते आणि तिथून शंभरेक किलोमीटर साखळीपट्ट्यांच्या गाड्यांनी माल तळावर ओढून न्यावा लागतो. हिवाळ्यात मुक्कामाला वीस-पंचवीस माणसे असतात आणि स्वयंपाकघरातल्या कामाची पाळी, जिला तिथे ‘गॅली ड्यूटी’ म्हणतात, ती शास्त्रज्ञापासून मेकॅनिकपर्यंत सर्वांना येते. आत्याने दादांबरोबर स्टीलच्या डब्यातून कांदा-लसूण मसाला दिला होता, डब्याच्या झाकणाला बाहेरून पीठ थापून पक्का बंद केलेला. दादांच्या पाळीला तोच मसाला घालून आमटी होत असे. ताजी पालेभाजी नाही, बटाटा आणि कांदा महिन्यागणिक म्हातारा होत जाणारा, आणि जूनमध्ये कोणाच्या तरी ताटात सापडलेली शेवटची धड कांद्याची फोड हा त्या दिवसाचा चर्चेचा विषय. २१ जून ही तिथली सर्वांत मोठी रात्र सगळे तळ सणासारखी साजरी करतात आणि एकमेकांना मेजवानीची रीतसर निमंत्रणे पाठवतात. जे हजारो किलोमीटरवर आहेत ते येऊ शकणार नाहीत हे दोन्हीकडे माहीत असते. मला ही प्रथा फार आवडली.

मैत्रीला मात्र हाकेच्या अंतरावर म्हणावा असा एक शेजारी आहे. शिर्माकर नावाच्या त्याच खडकाळ पट्ट्यात नोवोलाझारेव्हस्काया हा रशियन तळ आहे, आणि अंटार्क्टिकावरच्या वैद्यकाची सर्वांत गाजलेली घटना तिथली. ३० एप्रिल १९६१ च्या रात्री लिओनिद रोगोझोव्ह या २७ वर्षांच्या डॉक्टरने स्वतःचे सुजलेले आंत्रपुच्छ स्वतःच कापून काढले, कारण तळावर दुसरा डॉक्टर नव्हता. एक हवामानतज्ज्ञ आणि एक वाहनचालक असे दोघे मदतीला होते. त्यांचे काम उपकरणे हातात देण्याचे आणि आरसा धरण्याचे. आरशात सगळे उलटे दिसते म्हणून रोगोझोव्ह बराच वेळ नुसत्या बोटांनी चाचपत काम करीत होता. पावणेदोन तास लागले, आणि दोन आठवड्यांनी तो पुन्हा कामावर होता. ही गोष्ट धैर्याची म्हणून सांगितली जाते आणि ती आहेच. पण मला ती लोकसंख्येची गोष्टही वाटते. ज्या वस्तीत एकच डॉक्टर आहे तिथे डॉक्टर आजारी पडता कामा नये, म्हणजेच तिथे फक्त निवडलेली, तपासलेली, धडधाकट माणसेच राहू शकतात. अशा वस्तीत आत्याला जागा नाही, तिच्या गुडघ्यांना नाही, आणि तिच्या नातवालाही नाही.

अंधाराचा मनावर परिणाम होतो, झोप विस्कटते, समोरच्याच्या चमच्याच्या आवाजाने डोके फिरते, हे सगळे खरे आहे. त्याविषयी इतके लिहिले गेले आहे की मी थांबत नाही. फक्त एक जुना प्रसंग सांगतो, कारण तो पुढच्या मुद्द्याशी जोडलेला आहे. १८९८ मध्ये ‘बेल्जिका’ हे जहाज अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रबर्फात अडकले आणि त्यावरच्या लोकांना तिथेच हिवाळा काढावा लागला. डबाबंद अन्नावर राहून त्यांना स्कर्व्ही, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, जडला. त्यांचा डॉक्टर फ्रेडरिक कुक याआधी उत्तर ग्रीनलंडला जाऊन आला होता आणि तिथल्या लोकांचे खाणे त्याने पाहिले होते. पेंग्विन आणि सीलचे ताजे मांस खा, असा आग्रह त्याने धरला. मोहिमेचा प्रमुख द गेर्लाश आधी तोंड वाकडे करीत होता. अखेरीस त्यानेही खाल्ले आणि तो बरा झाला. तो उपाय कुकने उत्तर ध्रुवाकडच्या नांदत्या घरांतून उचलला होता.

वायव्य ग्रीनलंडमध्ये, आजच्या कानाक गावाच्या परिसरात, इनुघुइट लोक (उत्तरेकडच्या इनुइटांचीच एक शाखा) पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. ऑक्टोबरच्या अखेरीस मावळलेला सूर्य तिथे फेब्रुवारीच्या मध्याला उगवतो. शेती नाही, झाड नाही. तरीही तिथे लग्ने होतात, बाळंतपणे होतात, भांडणे होतात, म्हातारपणे येतात. त्यांना ड्यूटीवर कोणी पाठवलेले नाही. कॅरिबूच्या, म्हणजे रेनडिअरच्या, कातड्याच्या पोशाखाचे दोन थर, आतल्याची लव अंगाकडे आणि बाहेरच्याची बाहेर, अशी इनुइटांची रीत. मधली अडकलेली हवा ऊब राखते, आणि आवश्यक तिथे सैल केल्यावर घामही निघून जातो. तिथे घाम हा थंडीइतकाच शत्रू आहे, कारण ओले कपडे गोठतात. ‘क’ जीवनसत्त्व मिळते ते नारव्हाल या छोट्या व्हेलच्या कच्च्या त्वचेतून. संत्र्यावाचून त्यांचे काही अडले नाही.

आणि त्यांच्या घरात होता कुल्लिक. मऊ दगड कोरून केलेला अर्धचंद्राकृती पसरट दिवा, त्यात सीलच्या चरबीचे तेल आणि सरळ कडेला शेवाळाची किंवा कापसासारख्या रानगवताची लांब ओळीने लावलेली वात. एका लहानशा काडीने ती वात सतत एकसारखी करायची, काजळी झाडायची, तेल पुरेसे आहे ना ते पाहायचे, हे घरातल्या बाईचे काम. समई सांभाळलेल्या कोणालाही तो हाताचा अंदाज लगेच ओळखू येईल. फरक इतकाच की आपली समई देवापुढे असते आणि कुल्लिकवर बर्फ वितळवून पाणी होते, मांस शिजते, ओले बूट वाळतात आणि अंधाराच्या चार महिन्यांत तोच उजेड असतो. व्होस्तोकवरची वात आणि ही वात यांत फरक तेलाचा आहे. एकीचे तेल हजारो किलोमीटरवरून आले होते आणि परत मिळणार नव्हते. दुसरीचे तेल दारापुढच्या समुद्रबर्फाच्या भोकातून, सीलची वाट पाहत तासन्‌तास निश्चल उभ्या राहिलेल्या माणसाने आणले होते आणि उद्या पुन्हा आणता येणार होते.

हे सगळे रक्तात असते असेही नव्हे. इनुघुइटांच्याच इतिहासात एक चटका लावणारा भाग आहे. १८१८ मध्ये जॉन रॉस या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याची आणि त्यांची गाठ पडली, तेव्हा त्यांच्याकडे कयाक, म्हणजे शिकारीची अरुंद होडी, नव्हती, धनुष्यबाणही नव्हते. साथीच्या रोगात जाणती माणसे गेल्यामुळे ही विद्या हरवली असे सांगितले जाते. १८६० च्या दशकात कित्लाक नावाच्या पुढाऱ्याबरोबर बॅफिन बेटाकडून एक टोळी मजल दरमजल करीत आली आणि तिने या लोकांना कयाक बांधायला आणि धनुष्य वापरायला पुन्हा शिकवले. त्यानंतर त्यांना उन्हाळ्यात मोकळ्या पाण्यावरची शिकार आणि कॅरिबू दोन्ही मिळू लागले. म्हातारी माणसे ज्या वस्तीत असू शकत नाहीत, ती वस्ती काय गमावत असते याचा यापेक्षा रोकडा पुरावा मला माहीत नाही.

मग असे नांदणे अंटार्क्टिकावर का झाले नाही? आर्क्टिक हा खंडांनी वेढलेला समुद्र आहे. माणूस एकेक पाऊल उत्तरेला सरकत, सवय करून घेत तिथे पोचला. अंटार्क्टिका हा समुद्राने वेढलेला खंड, त्याचा ९८ टक्के भाग बर्फाखाली. जमिनीवर कायम राहणारा सर्वांत मोठा प्राणी म्हणजे काही मिलिमीटरचा पंख नसलेला एक कीटक. फुले येणाऱ्या देशी वनस्पती दोनच, आणि त्याही उत्तरेकडे आलेल्या द्वीपकल्पावर. कॅरिबू नाही म्हणजे पोशाख नाही, वाहत आलेले लाकूड नाही म्हणजे गाडीचा सांगाडा नाही. किनाऱ्यावर सील आणि पेंग्विन आहेत. पण आता कोणाला तिथे कुल्लिक पेटवायची हुक्की आलीच, तर कायदा आड येईल. १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलने, म्हणजे अंटार्क्टिकाच्या पर्यावरणरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराने, तिथल्या वन्यजीवांना परवान्याशिवाय हात लावणे बंद केले आहे, खाणकामाला मनाई केली आहे आणि बाहेरचे प्राणी नेण्यावरही बंदी घातली आहे; त्यामुळे स्लेज ओढणारे शेवटचे कुत्रेसुद्धा १९९४ मध्ये खंडावरून हलवले गेले. ही बंधने मला योग्यच वाटतात. पण त्यांचा अर्थ असा की तिथल्या जमिनीवर जगण्याचा मार्ग माणसाने स्वतःच बंद केला आहे, आणि उरला आहे तो जहाजाचा.

भाजी पिकवून पाहिली आहे. २०१८ मध्ये जर्मनीच्या नॉयमायर-३ तळाजवळ एका बंदिस्त हरितगृहात मातीशिवाय, जांभळ्या दिव्यांखाली काकडी, टोमॅटो, सॅलडची पाने घेतली, १२.५ चौरस मीटर जागेत साडेनऊ महिन्यांत २६८ किलो माल निघाला. प्रयोग म्हणून तो थक्क करणारा आहे. मात्र त्या काकडीच्या वेलाचे मूळ शोधत गेलात तर ते डिझेलच्या टाकीपर्यंत पोचते.

कुटुंबे नेऊन पाहण्याचे प्रयत्नही झाले, आणि ते थंडीपेक्षा राजकारणासाठी झाले. अर्जेंटिनाने आपला हक्क बळकट करण्यासाठी गरोदर स्त्रीला एस्पेरान्सा तळावर नेले आणि ७ जानेवारी १९७८ रोजी एमिलियो पाल्मा हा अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर जन्मलेला पहिला माणूस ठरला. चिलीने १९८४ मध्ये किंग जॉर्ज बेटावर व्हिला लास एस्त्रेयास नावाचे छोटे गाव वसवले. पोस्ट, शाळा, लष्करी अधिकाऱ्यांची बायकामुले. तिथे दीर्घ मुक्कामाला जाणाऱ्या प्रत्येकाने, लहान मुलांनीसुद्धा, आधी निरोगी आंत्रपुच्छ काढून टाकायचे असा नियम होता. रोगोझोव्हची पाळी पुन्हा कोणावर येऊ नये म्हणून. ज्या गावात शिरण्यापूर्वी पोराच्या पोटावर सुरी चालवावी लागते त्याला गाव म्हणावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. ती शाळा २०१८ मध्ये बंद झाली.

उत्तरेकडेही सगळीकडे कानाक नाही. सायबेरियातल्या नोरिल्स्क शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे राहतात, ती निकेलमुळे. शहराचा पाया गुलाग या सोव्हिएत श्रमछावण्यांतल्या कैद्यांच्या श्रमाचा आणि इमारती गोठलेल्या जमिनीत रोवलेल्या खांबांवर. २०२० मध्ये तिथे इंधनाची एक टाकी खचून सुमारे २० हजार टन डिझेल सांडले. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचे लाँगयिअरब्येन त्याहून सुबक. ७८ अंश उत्तरेला अडीच हजारांच्या आसपास वस्ती, शाळा, हॉटेले, व्हिसाशिवाय राहण्याची मुभा. परंतु बाळंतपणाची तारीख जवळ आली की बाईने सुमारे तीन आठवडे आधी मुख्य भूमीवर जायचे, आणि ज्याला स्वतःचे स्वतः करता येत नाही अशा वृद्धाची सोय तिथे नाही. शवपेटीचे दफनही करत नाहीत, कारण गोठलेली जमीन पुरलेले वर ढकलते. कुटुंबे आहेत, पाळणे आहेत, पण आयुष्याची दोन्ही टोके दुसऱ्या गावी बांधलेली. आत्याच्या कसोटीला ते गाव अर्धे उतरते.

दादा आता निवृत्त आहेत. मैत्रीवरून निघताना त्यांनी तो मसाल्याचा डबा, तळाशी थोडा उरलेला, गॅलीतल्या फळीवर ठेवून दिला होता. त्यांच्या जागी आलेला मेकॅनिक गढवालचा होता. पुढच्या जूनमध्ये, तिकडे दिवसाही काळोख असताना, सातारच्या घरचा फोन वाजला आणि पलीकडच्या मुलाने हिंदीत आत्याला विचारले की वीस माणसांच्या डाळीत हा मसाला किती चमचे घालायचा. आत्याने आधी त्याला तो जेवला आहे का ते विचारले, मग चमचे सांगितले.